कारखान्यांतील समंध

भूत म्हटलें कीं पडका वाडा, पिंपळाचा पार, ओसाड विहीर आणि अमावास्येची रात्र यांपलीकडे आपली कल्पना सहसा जात नाहीं. परंतु भयकथेचा इतिहास चाळून पाहिला तर भुतें जुन्या वास्तूंना चिकटून राहिलेलीं नसून प्रत्येक नव्या धंद्याच्या मागोमाग तीं त्या धंद्यांत शिरलेलीं आहेत, असें दिसून येतें. आगगाडीचें नवल अजून पुरतें ओसरलें नव्हतें, तोंच १८६६ सालीं चार्ल्स डिकन्सनें 'द सिग्नल-मॅन' ही कथा लिहून बोगद्याच्या तोंडाशीं एक भूत उभें केलें. आदल्याच वर्षीं स्टेपलहर्स्टच्या रेल्वे-अपघातांतून तो स्वतः वांचला होता. १९०२ सालीं डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ' ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्यांतील वृद्ध आईबाप मंतरलेल्या पंजाकडे दोनशें पौंड मागतात. दुसऱ्याच दिवशीं त्यांचा मुलगा कारखान्यांतील यंत्रांत सांपडून मरतो, आणि कंपनीचा माणूस येऊन, आमच्यावर कसलीहि जबाबदारी नाहीं असें बजावून, बरोबर दोनशें पौंड हातावर ठेवतो. १९९१ सालीं कोजी सुझुकी या जपानी लेखकानें 'रिंगु' या कादंबरींत व्हिडिओच्या फितीला शाप चिकटविला. तेव्हां व्हिडिओ गेमच्या धंद्यालाहि त्याचें स्वतःचें भूत मिळावें, यांत आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं.

व्हिडिओ गेम ही मुलांचा अभ्यासाचा वेळ खाणारी एक वस्तु, एवढीच तिची ओळख आपल्या पुष्कळ घरांतून असते. ती वस्तु कोणी तरी बनवीत असतो, आणि ती बनविण्याचा एक अवाढव्य धंदा जगांत चालला आहे, याकडे फारसें लक्ष जात नाहीं. एखाद्या मोठ्या गेमसाठीं शेंकडों माणसें तीन-तीन, चार-चार वर्षें खपत असतात. कोणी चित्रें काढतो, कोणी संगीत रचतो, कोणी कथा लिहितो, कोणी या सर्वांना चालविणारा संगणकाचा कोड लिहितो, आणि कोणी तोच तोच प्रसंग शेंकडों वेळां खेळून त्यांतील चुका हुडकीत बसतो. विक्रीची तारीख बहुधा आधींच जाहीर झालेली असते, आणि ती जवळ आली कीं रात्रीचा दिवस करून काम उरकावें लागतें. या शेवटच्या धांदलीला त्या धंद्यांत 'क्रंच' असें नांव आहे. दातांखालीं कांहीं चावलें जातांना जो आवाज होतो, तोच या शब्दाचा मूळ अर्थ. चावलें कोण जातें, हें वेगळें सांगावयास नको.

हा धंदाच पार्श्वभूमीला घेऊन लिहिलेल्या अद्भुत-भयानक कथांचा एक लहानसा पण जोमदार वर्ग गेल्या पंचवीस वर्षांत इंग्रजींत तयार झाला आहे. त्यांत लघुकथा आहे, कादंबरी आहे, चित्रपट आहे आणि स्वतःच गेम असलेली एक कृतीहि आहे. अशा चार कृति व एक दंतकथा पुढें ठेवून एका प्रश्नाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या कथा वाचतांना किंवा पाहतांना आपल्याला भीति वाटते ती नेमकी कशाची, आणि तें कारण भीति वाटण्याच्या योग्यतेचें आहे काय, हा तो प्रश्न होय.

भयानक रसाचे विभाव भरतानें सांगितले आहेत. भेसूर आवाज, भुताखेतांचें दर्शन, ओसाड घरांत किंवा अरण्यांत जाणें, हे त्यांपैकीं होत. परंतु ही सामग्री नुसती गोळा केली म्हणजे रस निर्माण होतोच असें नाहीं, हें सामान्य भयकथांच्या ढिगावरून कोणाच्याहि ध्यानांत येईल. ॲरिस्टॉटलनें शोकात्म नाटकाचा विचार करतांना भीतीला करुणेच्या जोडीला बसविलें, तें याच कारणासाठीं. ज्याच्याविषयीं कणव वाटावी असा कोणी समोर असल्यावांचून भीतीला खोली येत नाहीं. आपल्या लोकसमजुतींतील भुतें या बाबतींत ॲरिस्टॉटलच्या शेजारीं शोभून दिसतील. मुंज झाली पण लग्नाआधींच मेला, तो मुंजा झाला. बाळंतपणांत जिचा अंत झाला, ती अळवंतीण झाली. पुरून ठेवलेल्या धनांत ज्याचा जीव गुंतून राहिला, त्याचा समंध झाला. प्रत्येक भुतामागें एक न फिटलेलें देणें आहे, एक अर्धें राहिलेलें आयुष्य आहे. भूत या शब्दाचा अर्थच मुळीं 'होऊन गेलेलें' असा आहे. जें होऊन गेलें पण संपलें नाहीं, तें भूत. म्हणून चांगली भूतकथा ही एक प्रकारें हिशेबाची मागणी असते. काम करतां करतां ज्याचें आयुष्य सरलें, पण त्या कामावर ज्याचें नांव लागलें नाहीं, अशा माणसाच्या भुताला आपल्या भाषेंत अजून नांव नाहीं. गेमच्या धंद्यावरील कथांनीं खरें पाहतां त्याचाच शोध घ्यावयास हवा होता. तो त्यांनीं कितपत घेतला, हें पाहूं.

आधीं दंतकथा. ती अशी कीं, १९८१ सालीं अमेरिकेच्या ऑरेगन राज्यांतील पोर्टलंड शहराच्या परिसरांत, नाणें टाकून गेम खेळण्याच्या कांहीं दुकानांतून 'पॉलिबियस' नांवाचें एक काळें यंत्र येऊन उभें राहिलें. मुलें त्याच्या नादीं लागलीं. कोणाची झोप उडाली, कोणाला भलतीं स्वप्नें पडूं लागलीं, कोणाची स्मृति गेली. काळ्या पोषाखांतील माणसें येत, आणि पेटींतील पैसे न नेतां यंत्रांतून कसलीशी माहिती काढून घेऊन जात. मग एके दिवशीं तें यंत्रच नाहींसें झालें. असें यंत्र खरोखर होतें याचा एकहि पुरावा नाहीं. त्या काळच्या छापील मजकुरांत त्याचा मागमूस लागत नाहीं; 'गेमप्रो' मासिकानें त्याची चर्चा केली ती सप्टेंबर २००३ च्या अंकांत. ज्या ग्रीक इतिहासकाराचें नांव या यंत्राला मिळालें, त्यानें ऐकीव माहितीवर विसंबणाऱ्या इतिहासकारांची कडक हजेरी घेतली होती, ही यांतील गंमत होय. परंतु आमचा आक्षेप दंतकथेच्या खोटेपणावर नाहीं. सर्वच भूतकथा त्या अर्थानें खोट्या असतात. आक्षेप असा आहे कीं, या कथेंत यंत्र आहे, तें खेळणारें मूल आहे, घाबरलेला बाप आहे, पण यंत्र बनविणारा माणूस कोठेंच नाहीं. करणारा दिसत नाहीं, म्हणून कणव वाटण्यासहि जागा नाहीं. दिवा लावल्यावर अशी भीति जाते.

याच धंद्याचा खरा इतिहास या दंतकथेपेक्षां अधिक भुताटकीचा आहे. १९८० सालीं अटारी या अमेरिकन कंपनीचा 'ॲडव्हेंचर' हा गेम बाजारांत आला. गेमवर तो करणाऱ्याचें नांव घालावयाचें नाहीं, असा त्या कंपनीचा रिवाज होता. तेव्हां वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरनें कोणाला न सांगतां त्या खेळांत एक गुप्त खोली बांधली. पार्श्वभूमीच्या रंगांत मिसळून जाणारा एक करडा ठिपका ही तिची किल्ली. खोलींत त्यानें दुसरें कांहीं ठेवलें नाहीं. फक्त स्वतःचें नांव लिहिलें आणि तो नोकरी सोडून गेला. पुढें खेळतां खेळतां एका मुलाच्या हातीं तो ठिपका लागला, तेव्हां कंपनीला त्याचा पत्ता लागला. दोन वर्षांनीं, १९८२ च्या नाताळासाठीं, याच कंपनीनें हॉवर्ड स्कॉट वॉर्शा याच्याकडून 'ई. टी.' या चित्रपटावरील गेम अवघ्या पांच आठवड्यांत करून घेतला. तो खपला नाहीं. १९८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवाबाहेर कंपनीचा न खपलेला माल जमिनींत पुरण्यांत आला. ही गोष्ट पुढें तीस वर्षें पुष्कळांना कंडी वाटत होती; एप्रिल २०१४ मध्यें ती जागा खणली, आणि तीं काडतुसाच्या आकाराचीं खोकीं खरोखरच वर आलीं. भिंतीआड लपविलेलें नांव आणि वाळूखालीं पुरलेलें काम! यांहून उत्तम विभाव भयकथाकाराला कोणता हवा? लेखकाला कल्पनाशक्ति ताणण्याचेंहि कारण नव्हतें. समंधाचा वाडा तयारच होता.

कॅथरिन व्हॅलेंटे या अमेरिकन लेखिकेची 'किलस्विच' ही कथा याच्या बऱ्याच जवळ जाते. 'द मेलँकली ऑफ मेकागर्ल' या २०१३ सालच्या संग्रहांत ती आहे. तिचा घाट एखाद्या कोरड्या माहितीपर टिपणासारखा आहे. सोव्हिएत काळांतील कार्विना नांवाच्या मंडळीनें १९८९ सालीं एक गेम काढला. त्यांतील नायिका कोळशाच्या खाणींत जागी होते आणि खाणीचे भुतासारखे मुकादम व कंपनीचे तपासनीस यांच्याशीं झगडत बाहेर पडण्याची धडपड करते. गेम पूर्ण झाला कीं तो स्वतःला पुसून टाकतो. पुन्हां खेळण्याची सोय नाहीं, नक्कल करण्याची सोय नाहीं. कथा इतक्या निर्विकार सुरांत सांगितली आहे कीं ती खरी मानून त्या गेमचा शोध घेणारे वाचकहि निघाले. या कथेंतील भीति मरणाची नाहीं. पुसलें जाण्याची आहे. आयुष्यभर जपलेल्या वहीचीं अक्षरें उडून जावीं तसा तो अनुभव आहे. खाण, मुकादम आणि न उरणारें काम या तीन गोष्टी एकत्र आणून लेखिकेनें धंद्याचें मर्म हातीं धरलें आहे. उणीव एवढीच कीं, कार्विनाची मंडळी शेवटपर्यंत एक नांवच राहते. तिच्यांतला एकहि माणूस आपल्यासमोर येऊन बसत नाहीं.

माणसें समोर आणून बसविण्याचें काम ऑस्टिन ग्रॉसमन यानें 'यू' या २०१३ सालच्या कादंबरींत केलें आहे. ग्रॉसमन हा या धंद्यांत वाढलेला. 'सिस्टिम शॉक' या १९९४ सालच्या प्रसिद्ध गेमच्या रचनेंत त्याचा हात होता. कादंबरीचा काळ १९९७. रसेल हा निवेदक वकिलीच्या शिक्षणाला रामराम ठोकून जुन्या शाळूसोबत्यांनीं काढलेल्या 'ब्लॅक आर्ट्स' या गेमच्या कंपनींत नोकरीला लागतो. त्या सोबत्यांपैकीं सायमन हा अलौकिक बुद्धीचा प्रोग्रॅमर आधींच वारला आहे. नव्या गेमच्या चांचणींत एक चमत्कारिक दोष दिसूं लागतो. एक काळी तलवार कोठूनशी प्रकट होते आणि समोर येईल त्याची कत्तल करते. दोषाचा माग काढीत रसेल कंपनीचे सर्व जुने गेम एकामागून एक खेळत मागें मागें जातो. सायमननें पोरवयांत लिहिलेला कोड प्रत्येक गेमच्या पायांत अजून जसाच्या तसा बसलेला आहे, आणि दोषाचें मूळ त्यांतच आहे, असें त्याला आढळतें. मेलेल्या माणसानें लिहिलेल्या ओळी जिवंत माणसांच्या कामांत रोज चालत असतात, ही गोष्ट संगणकाच्या धंद्यांत अगदीं नित्याची आहे. ग्रॉसमननें त्या नित्याच्या गोष्टीला भुताचें रूप दिलें, हें त्याच्या प्रतिभेचें लक्षण होय. परंतु त्याला आपल्या बालपणाचा फार लोभ आहे. सायमनचा हिशेब मागण्याची वेळ येते तेव्हां लेखक आठवणींत रमतो. कादंबरी गोड होते, पण कांटा येत नाहीं. करुण आहे, भयानक निसटला आहे.

याच्या उलट प्रकार 'बँडरस्नॅच' या चित्रपटाचा. नेटफ्लिक्सनें तो २८ डिसेंबर २०१८ रोजीं प्रसिद्ध केला. लेखक चार्ली ब्रूकर, दिग्दर्शक डेव्हिड स्लेड. या नांवामागें एक खरी हकीकत आहे. लिव्हरपूल येथें १९८२ सालीं निघालेली इमॅजिन सॉफ्टवेअर ही कंपनी दोन वर्षांत भरभराटून तितक्याच वेगानें बुडाली. लुई कॅरोलच्या काव्यांतील एका श्वापदाचें नांव घेऊन 'बँडरस्नॅच' नांवाच्या एका महा-गेमच्या जाहिराती तिनें दिल्या होत्या. तो पुरा झालाच नाहीं. बीबीसीची मंडळी त्याच वेळीं तेथें माहितीपटाचें चित्रण करीत होती, त्यामुळें जप्तीसाठीं बेलिफ आले तो प्रसंगहि फितीवर राहिला. ९ जुलै १९८४ रोजीं कंपनी न्यायालयाच्या हुकमानें मोडीत निघाली. ब्रूकर हा तरुणपणीं 'पीसी झोन' या गेमविषयक मासिकांत लिहीत असे. त्याला ही हकीकत पक्की ठाऊक असली पाहिजे, कारण त्याच्या चित्रपटाची सकाळ उगवते तीच मुळीं ९ जुलै १९८४ ची.

आणि तरीहि बुडत्या कंपनीचीं ओस टेबलें सोडून तो दुसरीकडेच जातो. स्टीफन बटलर हा एकोणीस वर्षांचा मुलगा जेरोम डेव्हिस नामक एका काल्पनिक लेखकाच्या कादंबरीवरून गेम करूं पाहतो. त्या लेखकानें भ्रमिष्ट होऊन आपल्या बायकोचा शिरच्छेद केलेला आहे. मुदत जवळ येते, स्टीफनचें मन ढळतें, आपल्याला कोणी तरी बाहेरून हलवीत आहे असें त्याला वाटूं लागतें, आणि अखेर बापाचा खून त्याच्या हातून घडतो. टकरसॉफ्ट कंपनीचा मालक मोहन ठाकूर, ज्याच्या आडनांवाचेंच इंग्रजी वळण कंपनीच्या नांवांत दिसतें, प्रथम त्याला आपल्या कचेरींत बसून इतरांच्या मदतीनें काम करण्यास सुचवितो. प्रेक्षकानें ही सूचना स्वीकारली तर गेम भिकार होतो, समीक्षक त्याला पांचांपैकीं शून्य गुण देतो, आणि कथा पुन्हां पहिल्यावर येते. पांचांपैकीं पांच गुण केव्हां मिळतात? बापाला मारून त्याच्या देहाचे तुकडे केले तर. हें उपरोधानें आहे, असें कोणी म्हणेल. उपरोध आहे हें खरें. परंतु मिळून-मिसळून केलेलें काम निकृष्ट, आणि एकांतांत वेडा होऊन केलेलें काम श्रेष्ठ, या जुन्या रोमँटिक अंधश्रद्धेला चित्रपट हंसत हंसत मानच देतो. ज्या समजुतीच्या जोरावर तरुणांना रात्रीच्या रात्री राबविलें जातें, ती हीच समजूत होय. भुताला भिवविण्यासाठीं निघालेला मांत्रिक भुताच्याच पंक्तीला बसला, असें येथें झालें आहे.

तथापि या चित्रपटांत एक गोष्ट अशी आहे कीं तिच्यासाठीं त्याचे पुष्कळ दोष पोटांत घालावे. प्रत्येक वळणावर नायकानें काय करावें, हें प्रेक्षकानें हातांतील कळ दाबून ठरवावयाचें असतें. न्याहारीचा पदार्थ निवडण्यापासून बापाचा जीव घेण्यापर्यंत. आपल्याला कोण हलवीत आहे, असें स्टीफन आकाशाकडे पाहून विचारतो, तेव्हां उत्तर देण्याची वेळ आपल्यावर येते. झपाटणारें भूत यंत्रांत नाहीं, कादंबरींत नाहीं. तें आरामखुर्चींत बसून पुढें काय होतें याची वाट पाहत आहे. दया दाखविणारा पर्याय निवडला तर गोष्ट लवकर आटपते आणि आपणच चुकल्यासारखे मागें फिरतों. करमणूक हवी असेल तर गुन्हा घडला पाहिजे. नाताळापूर्वीं नवा गेम हवा असें म्हणणारा ग्राहक आणि त्यासाठीं कुठेंतरी रात्रभर जागणारा मुलगा यांचें नातें याहून अचूक दाखविलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं. एका शेवटांत स्टीफन लहान होऊन आपल्या आईबरोबर त्या दुर्दैवी आगगाडींत चढतो आणि शांतपणें मरतो. डिकन्सच्या बोगद्यापासून निघालेली गाडी जणूं येथें येऊन थांबते, आणि चित्रपटांत प्रथमच डोळे ओलावतात. दुसऱ्या एका शेवटांत आजच्या काळांतील एक तरुणी तोच गेम नव्यानें घडवूं पाहते. ती जुन्या प्रोग्रॅमरची मुलगी आहे. शाप वारसाहक्कानें पुढें गेला आहे.

चौथी कृति 'इन्स्क्रिप्शन'. कॅनडांतील डॅनियल मलिन्स यानें केलेला हा गेम ऑक्टोबर २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. अंधाऱ्या झोपडींत एका अदृश्यप्राय यजमानासमोर बसून पत्ते खेळावयाचे, हा त्याचा आरंभ. हळूहळू कळतें कीं हा खेळ एका जमिनींत पुरलेल्या फ्लॉपीवर होता. ल्यूक कार्डर नांवाच्या पत्ते जमविणाऱ्या एका हौशी माणसाला तो सांपडला आहे, आणि गेमफूना ही काल्पनिक कंपनी तो परत मागत आहे. कंपनीची प्रतिनिधि त्याच्या दाराशीं येते, आर्जवानें बोलते, धमकावते, आणि शेवटीं त्याला गोळी घालते. अलामोगोर्डोची वाळू जाणणाऱ्या वाचकाला ती पुरलेली फ्लॉपी परकी वाटणार नाहीं. कथेच्या कडेला केसी हॉब्ज नांवाची गेमफूनाची एक प्रोग्रॅमर आहे. ती आगींत मेलेली आहे. गेमच्या पोटांत दडलेल्या एका अमंगळ गुपिताशीं तिच्या मरणाचा संबंध आहे, असें सुचविलेलें आहे. त्या गुपिताभोंवतीं रचलेलें कूट मला अनावश्यक वाटतें. सांकेतिक अक्षरें उलगडण्यांत खेळणारा गुंगतो आणि मेलेली बाई विसरतो. परंतु मलिन्सला ती विसरली नव्हती. मार्च २०२२ मध्यें या गेमला जोडून जो विनामूल्य भाग आला, त्याला त्यानें केसीचेंच नांव दिलें. कंपनीनें ज्या कामगार स्त्रीचें नांव पुसलें, तिचें नांव दारावरच्या पाटीवर लागलें. रॉबिनेटच्या गुप्त खोलीचें दार येथें उघडें झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यावर एक आक्षेप संभवतो. कामगारांचे तास, त्यांचें श्रेय, त्यांचा मोबदला हे प्रश्न वर्तमानपत्रांचे आणि न्यायालयांचे आहेत. ते भयकथेच्या गळ्यांत कां बांधावे? आक्षेप रास्त आहे, आणि वर्तमानपत्रांनीं व न्यायालयांनीं आपलें काम थोडेंबहुत केलेंहि आहे. नोव्हेंबर २००४ मध्यें इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनींतील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदारानें निनावी पत्र प्रसिद्ध करून घरीं न येणाऱ्या माणसाची व्यथा मांडली. त्याच सुमारास चालू असलेल्या दाव्यांत कंपनीनें २००५ व २००६ सालीं प्रत्येकीं सुमारें दीड कोट डॉलर देऊन तडजोड केली. पण न्यायालय जादा तासांचा हिशेब करूं शकतें. तो माणूस आपण होऊन कां थांबत होता, हें त्याला विचारतां येत नाहीं. तेथेंच भयकथेचें क्षेत्र सुरू होतें. आपल्या भाषेंत 'झपाटणें' हें क्रियापद दोन ठिकाणीं वापरतात. भूत माणसाला झपाटतें. आणि थोर कार्यकर्त्याला आपण 'कामानें झपाटलेला' म्हणतों. पहिल्याबद्दल आपण अंगारा लावतों, दुसऱ्याबद्दल सत्कार करतों. दोन्ही अवस्थांत माणसाचें जेवण सुटतें, झोप उडते, घरच्यांची ओळख पुसट होते. गेमच्या धंद्यांत जाणारीं मुलें लहानपणीं त्या खेळांवर जीव टाकलेलीं असतात. त्यांना कोणी पकडून नेत नाहीं; तीं हौसेनें जातात. त्यांच्या हौसेवरच धंदा चालतो. प्रेम आणि बाधा यांतील ही पुसट रेषा आकडे दाखवूं शकत नाहींत, भाषणें दाखवूं शकत नाहींत. ती भूतकथेला दाखवितां येते, कारण भुताच्या हांकेला ओ देणारा माणूस स्वतःच ओ देत असतो, हें तिला फार पूर्वींपासून ठाऊक आहे.

या कसोटीवर पाहिलें म्हणजे चारहि कृतींचें मोल आपोआप ठरतें. जेथें भीति शापित यंत्राची, गूढ अक्षरांची किंवा वेड्या लेखकाची आहे, तेथें ती वरवरची राहते. जेथें ती पुसलेल्या नांवाची, अपुऱ्या कामाची आणि स्वखुशीनें दिलेल्या आयुष्याची आहे, तेथें ती पुस्तक मिटल्यावरहि सोबत येते. व्हॅलेंटेची कथा या दृष्टीनें सर्वांत नेटकी, ग्रॉसमनची कादंबरी सर्वांत जाणकार, मलिन्सचा गेम सर्वांत कृतज्ञ, आणि ब्रूकरचा चित्रपट सर्वांत चतुर होय. चौघांचे गुण एका ठिकाणीं आणणारी कृति अजून यावयाची आहे.

ती मराठींत येण्यास प्रत्यवाय नाहीं. हा धंदा आतां आपल्याला परका राहिलेला नाहीं. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची कार्यशाळा पुण्यांत २००८ सालीं आली. पुण्यांतल्याच नॉडिंग हेड्स या मंडळीनें केलेला 'राजी' हा पुराणकथांवर आधारलेला गेम २०२० सालीं जगभर विकला गेला. परदेशी गेमसाठीं चित्रें रंगविणारीं आणि चुका शोधणारीं मुलें आपल्याच घरांतून जातात, आणि रात्रीं अकरा वाजतां त्यांचें ताट झांकून आई वाट पाहत असते. भयकथेची परंपराहि आपल्याकडे सकस आहे. नारायण धारपांनीं मराठी वाचकाला मानवेतर अमंगळाची ओळख करून दिली. रत्नाकर मतकरींनीं भीतीचें मूळ माणसाच्या मनांत आणि घराच्या चार भिंतींत शोधलें. या दोघांच्या वाटेनें आलेल्या एखाद्या तरुण लेखकानें आतां वाड्याचा दिंडीदरवाजा ओलांडून या कार्यशाळेच्या कांचेच्या दारांतून आंत जावें. तेथें रात्रीं दिवे चालू असतात. पडद्यांसमोर कोण बसलें आहे, त्यांचीं नांवें काय, आणि त्यांतील कोणाचीं नांवें शेवटच्या यादींत लागणार नाहींत, एवढें त्यानें विचारावें. भूत कसें असावें याची चिंता मग त्याला करावी लागणार नाहीं.